किती टाके पडले?

परळला केईएममध्ये किंवा वाडियात पेशंट बघायला आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती टाके पडले?" मोजले जातात ते फक्त कातडीवरचे. पोट धरून ठेवतो तो कातडीखालचा पांढरा, चिवट पडदा, आणि तो बहुतेकदा सलग धाग्याने शिवतात. धागा जखमेच्या किमान चौपट लागतो, असं ब्रिटिश सर्जन जेंकिन्स यांनी १९७६ मध्ये मांडलं. १५ सेंटिमीटरच्या चिरेला ६० सेंटिमीटर! ऑपरेशननंतर पोट फुगतं, खोकला येतो. धागा आखूड पडला तर तो पडदाच कापत जातो. टाके मात्र बारीक हवेत. नेदरलँड्समध्ये ५६० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१५) बारीक टाक्यांमुळे वर्षभरातले हर्निया २१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले.

सगळ्यात आतलं अस्तर, पेरिटोनियम, न शिवताही आठवडाभरात भरून येतं. कातडी कडेकडेने भरते, हे सगळीकडून एकदम. उलट ताणून शिवलं तर तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि आतडी येऊन चिकटतात.

पोट उघडून केलेल्या मोठ्या ऑपरेशननंतर दहांतल्या नऊ जणांच्या पोटात थोडंफार चिकटतंच. बहुतेकांना पत्ताही लागत नाही. पण काही वर्षांनी अचानक पोट फुगलं, कळा, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना, तर गॅस समजून सोडा पीत बसू नका. तडक हॉस्पिटल गाठा.

हातमोज्यांवरची पावडरही आतडी चिकटवते. अमेरिकेने असे मोजे २०१७ मध्ये बंद केले. पोटाला परकं काही सहज सोसत नाही. टाक्याचा धागा मात्र परका नसलेलाही असू शकतो. गर्भाशयाचं तोंड बांधणारा, जगभर गाजलेला 'शिरोडकर टाका' (१९५५) गोव्यात जन्मलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांचा. त्यांनी धागा म्हणून सुरुवातीला त्या बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी वापरली. काय सुंदर डोकं!

भायखळ्याच्या जेजेत डॉ. तेहेमतन उडवाडियांनी १९९० मध्ये पोट न उघडता दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, भारतात पहिल्यांदा. छिद्रं लहान, आतड्यांची हाताळणी कमी, म्हणून चिकटणंही कमी. मात्र पूर्वी पोट उघडलेलं असेल तर सर्जन पहिलं छिद्र बरेचदा बेंबीपाशी न पाडता डाव्या बरगडीखाली पाडतात. जुन्या व्रणामागे आतडं चिकटलेलं असू शकतं. म्हणून वीस वर्षांपूर्वीचं सिझर असलं, तरी ते डॉक्टरांना आधी सांगायचं.