फुटलेली पाइपलाइन आणि आपलं हार्ट

‘पाइपलाइन फुटली’ ही बातमी आपल्या शहरात कुणालाच नवी नाही. जायकवाडीहून येणारी जुनी ७०० किंवा १४०० मिलिमीटरची लाइन कुठंतरी फुटते, पाण्याचा दिवस पुढं ढकलला जातो आणि घरात पिंप-बादल्यांचा हिशेब सुरू होतो. जीर्ण पाइप आणि आतून दाब, ही जोडी वाईटच. तुमच्या रक्तवाहिन्यांमध्येही ती जमू शकते. तिथं दाब असतो बीपीचा आणि पाइप जीर्ण करण्याचं काम करते रक्तातली साखर.

‘हे बाबांच्या वयाचे आजार’ म्हणून पान उलटू नका. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे आणि साधारण दर तिघांत एकाला हाय बीपी. हा अभ्यास २० वर्षांपासून पुढच्या लोकांचा होता. म्हणजे थर्ड इयरवालेही आलेच की!

आता आत काय घडतं ते बघा. रक्तवाहिनीला आतून अवघ्या एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. निरोगी असेल तर ते नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्यामुळं वाहिनी सैल राहते. रक्ताचा दाब कायम जास्त राहिला की या अस्तराला इजा होते. तिथून वाईट कोलेस्टेरॉल भिंतीत शिरतं आणि थर साचायला लागतो. जास्तीची साखर भिंतीतल्या प्रथिनांना चिकटून बसते, भिंत ताठर करते. पुढं एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर गुठळी होते, रक्त अडतं. हाच हार्ट अटॅक.

मलिक अंबरनं सतराव्या शतकात शहरासाठी नहर बांधली, तिच्यावर जागोजागी उंच बंबे ठेवले. पाण्याबरोबर आलेली हवा आणि दाब तिथं मोकळा व्हायचा. आपल्या शरीरातही अशी सोय आहे. हृदयातून निघणारी महाधमनी प्रत्येक ठोक्याला थोडी फुगते आणि धक्का पचवते. दिवसाला साधारण एक लाख वेळा! तीच ताठर झाली की सगळा भार हृदयावर. मग त्याचा स्नायू जाड होतो. जिममध्ये बायसेप्स वाढला की आपण सेल्फी टाकतो, पण हृदयाचा जाड झालेला स्नायू नीट सैलावत नाही आणि पुढं थकतो.

डायबेटिसची आणखी एक खोडी आहे, आणि माझ्या मते हीच सगळ्यात घातक. बऱ्याच वर्षांच्या साखरेनं नसा बधिर होतात. त्यामुळं अटॅक येऊनही छातीत कळ येत नाही. नुसता घाम, धाप, मळमळ. घरचे म्हणतात, ‘ॲसिडिटी असेल, जिरं खा.’ घरात कुणाला शुगर असेल आणि असं काही झालं, तर जिऱ्याचा डबा शोधत बसू नका. थेट दवाखाना गाठा, ईसीजी काढा.

वाळूजच्या नाइट शिफ्टमुळं झोपेचं खोबरं झालेले, औरंगपुऱ्यात क्लासच्या मधल्या सुट्टीत चहा-वडापाववर दिवस काढणारे आणि ‘टेन्शन जातं’ म्हणून तंबाखू मळणारे, तुम्ही सगळे यात आलात. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात लोणचं, पापड, वेफर्स सगळं आलं. तंबाखूबद्दल तडजोड नाही. निकोटीन वाहिन्या आवळतं, तोंडातून घ्या नाहीतर धुरातून.

बीपी मोजायचा असेल तर जिना चढून धापा टाकत जाऊ नका. आधी अर्धा तास चहा-सिगारेट नको. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीत टेकवलेला. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. वेगवेगळ्या दिवशीही १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर डॉक्टरांना दाखवा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ६.५ वर असेल तरीही तेच. आणि मोजायला जाताना आई-बाबांनाही गाडीवर मागं बसवून न्या, एकेक करून का होईना.