द्राक्षबागेस रानवेलीचा खुंट

सांगली, सोलापूर व नाशिक या जिल्ह्यांच्या अवर्षणी भागांतील पुष्कळ द्राक्षबागांस जी मुळे पोशीत आहेत, ती त्या द्राक्षांची नव्हेत. ती मूळच्या टेक्सास प्रांतातील ‘डॉगरीज’ नामक रानवेलीची आहेत. तेथील उष्ण, चुनखडीच्या मुलखात दोन रानटी जातींच्या नैसर्गिक संकरातून ही वेल निपजली. तिच्या फळास बाजार नाही. तिचे मोल मुळांत आहे.

रानवेलीच्या मुळांवर द्राक्ष बांधण्याची युक्ती फ्रान्सने १८६० नंतर मुळे खाणाऱ्या किडीच्या धास्तीने उचलली. या कार्यी साहाय्य करणाऱ्या टेक्सासच्या मन्सन यांचा फ्रान्स सरकारने १८८८ साली गौरव केला. आपल्याकडे मात्र हा खुंट पाण्याची टंचाई व क्षार यांमुळे आला, आणि १९९० नंतर झपाट्याने पसरला.

लागवड अशी करावी. मुळे फुटलेली खुंटरोपे फेब्रुवारी-मार्चमध्ये लावून पावसाळाभर वाढू द्यावीत. खोड पेन्सिलीएवढे जाड झाले म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान त्यावर दोन डोळ्यांच्या काडीचे पाचर कलम बांधावे. सांधा जमिनीपासून सुमारे एक फूट वर असावा. तो मातीआड गेल्यास वरच्या द्राक्षासच मुळे फुटतात व सारा खटाटोप व्यर्थ होतो. सांध्याखालून निघणारे फुटवे वेळोवेळी काढून टाकावेत.

आता दोष सांगितला पाहिजे. या खुंटाचा जोम अनावर असतो. खरड छाटणीनंतर नत्र व पाणी सढळ हाताने दिले, तर वेल पानोऱ्याने माजते. काडीत घड धरण्याचे दिवस वाया जातात आणि गोडी छाटणीनंतर मांडव हिरवागार असूनही घड मोजकेच दिसतात. म्हणून छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात पाणी बेताने द्यावे, नत्र आवरावे व शेंडे खुडावेत.

खुंट चिवट आहे एवढ्या भरवशावर कर्ज काढून बाग वाढविणाऱ्या बंधूंस आमचे सांगणे इतकेच की, ही वेल तहान सोसते, पाणी निर्माण करीत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस विहिरीत किती पाणी उरते ते आधी पाहावे, माती व पाणी यांची परीक्षा करून घ्यावी, आणि मगच बागेचे क्षेत्र ठरवावे.