कोर्टाची पायरी (भाग ६) : वकिलाशिवाय, दोघांच्या संमतीने

नवरा-बायकोपैकी एकानेच लावलेल्या दाव्याबद्दल मागच्या आठवड्यात लिहिलं. आजचा भाग अशा जोडप्यांसाठी, ज्या दोघांनाही आता वेगळं व्हायचं आहे आणि वकिलाची फी झेपणारी नाही.

पहिली गोष्ट, वकील सक्तीचा नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ याच्या कलम १३ नुसार तिथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्कही नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. ती सर्रास मिळते, म्हणून वकिलाशिवाय चालतच नाही असा समज पसरला आहे. स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर केलेली सोडचिठ्ठी मात्र घटस्फोट नव्हे. जमातीची सिद्ध होणारी जुनी रूढी असेल तेवढाच अपवाद. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं, तर ते लग्न रद्दबातल आणि वर गुन्हाही.

हिंदू विवाह कायद्यात संमतीने घटस्फोटाचं कलम १३-ब आलं ते १९७६ साली. अर्ज दोघांचा मिळून, आणि त्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं. जागेअभावी एकाच छपराखाली राहून संसार थांबला असेल, तर तेही वेगळं राहणंच. सोबत लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, प्रतिज्ञापत्र. महाराष्ट्रात घटस्फोटाच्या प्रकरणात स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. छाननी होऊन नंबर पडतो आणि विवाह समुपदेशक दोघांना बोलावतात. मग सहा महिने थांबायचं आणि अर्जापासून अठरा महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी येऊन संमती कायम असल्याचा दुसरा जबाब द्यायचा. दोघं दीड वर्षाहून जास्त वेगळे असतील आणि पोटगी, मुलं, देणंघेणं सगळं मिटलेलं असेल, तर सहा महिन्यांची अट न्यायालय शिथिल करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. हुकूम होईपर्यंत कुणीही एकाने संमती काढून घेतली, तर अर्ज तिथेच संपतो.

इथपर्यंत वकिलावाचून अडत नाही. अडतं ते अर्जासोबतच्या संमतीच्या अटींवर, आणि तिथे घाई करू नका असं मी कळकळीने सांगतो. ‘पती पत्नीस ठरलेली रक्कम देईल व दागिने परत करील’ हे वाक्य निरुपयोगी आहे. रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहा. कोणत्या तारखेला, डिमांड ड्राफ्टने की खात्यावर, हे लिहा. दुसऱ्या जबाबाच्या दिवशी ड्राफ्ट न्यायालयासमोरच हातात पडावा, असं ठरवलेलं उत्तम. दागिने एकेक करून लिहा: मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, प्रत्येकाचं वजन. मुलांच्या बाबतीत ‘वडील अधूनमधून भेटतील’ असं लिहिणं म्हणजे पुढच्या भांडणाची तरतूद. कोणता शनिवार, किती वाजता, दिवाळीची आणि मे महिन्याची निम्मी सुट्टी कुणाकडे, शाळेची फी कोण भरणार, सगळं लिहा. बायको स्वतःच्या पोटगीवर पाणी सोडू शकते. मुलाच्या पोटगीचा हक्क मुलाचा आहे, तो आईला सोडून देता येत नाही.

फ्लॅट दोघांच्या नावावर आणि कर्जही दोघांचं असेल, तर ‘हप्ते पती भरेल’ या अटीने बँक बांधली जात नाही. बँक लेखी मोकळं करीपर्यंत बायकोही कर्जदारच राहते. छळाची फिर्याद दाखल असेल, तर ती कौटुंबिक न्यायालयात मिटत नाही. उच्च न्यायालयात रद्द करून घ्यावी लागते, आणि तिथे वकील घ्या असंच मी म्हणेन. संमतीने झालेल्या हुकुमावर अपील नाही, म्हणून हे सगळं सही करण्यापूर्वी.

मारहाण झालेली असेल, सही दडपणाखाली मागितली जात असेल, तर एकट्याने जाऊ नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, फोन १५१००. केवळ अटींचा मसुदा तपासून घ्यायलाही तिथे जाता येतं.

हुकूम झाला की प्रमाणित नकलांसाठी लगेच अर्ज करा आणि दोन-तीन जास्तीच्या घ्या. पासपोर्ट, बँक, पुढचं लग्न, सगळीकडे हीच नकल मागतात.