घाटाखालचं खारं पाणी आणि भोनचा स्तूप

नणंदेकडे गेले, की पहिल्या चहालाच कळतं, आपण घाट उतरलो. चहाला खारट चव, डाळ शिजता शिजत नाही आणि न्हाल्यावर केस नुसते राठ. बुलडाणा जिल्ह्याबाहेरच्या मैत्रिणींना सांगायला हवं, आमच्या जिल्ह्याचे जणू दोन मजले आहेत. दुसरबीड, सिंदखेड राजा, मेहकर, चिखली हा भाग घाटावरचा. नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा घाटाखालचा. गंमत अशी, की पूर्णा नावाच्या नद्याही दोन. आमच्याकडची खडकपूर्णा गोदावरीकडे जाते, त्यांची पूर्णा तापीला मिळते. एकीचं पाणी पूर्वेच्या समुद्रात, दुसरीचं पश्चिमेच्या.

त्यांच्या पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाण पट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत तो पसरलाय. विहीर खणा नाहीतर बोअर घ्या, लागेल ते खारंच. त्यामुळे या पूर्णेवर नांदुरा तालुक्यात जिगाव धरणाचं काम सुरू झालं, तेव्हा बायकांना किती आशा वाटली असेल, हे मी सांगायला नको. नव्वदच्या दशकातली ती गोष्ट. तेव्हा नवी नवरी म्हणून आलेली माझी नणंद आता सासू झाली, तरी धरणाचं काम रेंगाळलेलंच.

या धरणाच्या बुडीत क्षेत्राशी निगडित एक नाव मी बऱ्याच उशिरा ऐकलं. भोन. संग्रामपूर तालुक्यातलं, पूर्णेच्या काठावरचं छोटं गाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. भास्कर देवतारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या वर्षांत तिथलं पांढरीचं टेकाड खणलं. खाली विटांचा बौद्ध स्तूप निघाला. अभ्यासक तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा, म्हणजे सम्राट अशोकाच्या काळाजवळचा मानतात. अजिंठा बघायला आपण सहली काढतो आणि आपल्याच जिल्ह्यात इतकं जुनं काही आहे याचा पत्ता नाही!

मला मात्र स्तूपापेक्षा तिथल्या विहिरींनी जास्त ओढ लावली. भाजलेल्या मातीची मोठमोठी कडी एकावर एक रचून केलेल्या अरुंद विहिरी. आपल्याकडे सिमेंटचे रिंग टाकतात ना, तशाच. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा बाईने त्यात दोर सोडला असेल, घागर काठाला लागून फुटली म्हणून चुकचुकली असेल. इतिहासात राजांची नावं राहतात, पाणी भरणारीचं कुठे राहतं?

मागच्या खेपेला नणंदेच्या ओसरीवर बचत गटाच्या बायका जमल्या होत्या. मी उत्साहाने भोनचं सांगू लागले. एवढं मोलाचं ठिकाण पाण्याखाली जाऊ देऊ नये, वगैरे वगैरे. नणंदेच्या शेजारच्या मावशी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ''ताई, तुमी दोन दिस राहसान अन् घाट चढून जासान. आमाले हेच पानी प्या लागते. इटा वाचवू का लेकरं?''

मी गप्प झाले. काय बोलणार? देऊळगाव महीजवळ खडकपूर्णेवर संत चोखासागर झाला तेव्हा पाणी आलं म्हणून आम्हीही हरखलोच होतो. त्या पाण्याखाली काय काय गेलं, हे मी तरी कधी विचारलं नाही.

घरी आल्यावर मात्र मावशींचा प्रश्न डोक्यातून जाईना. विटा की लेकरं, अशी निवड खरंच करावी लागते का? आंध्रात कृष्णा नदीवर नागार्जुनसागर धरण बांधायचं ठरलं, तेव्हा नागार्जुनकोंड्याचं प्राचीन बौद्ध केंद्र बुडणार होतं. देश नुकता स्वतंत्र झालेला, पैसा तो काय असणार! तरी १९५४ ते १९६० या काळात तिथे मोठं उत्खनन झालं. महत्त्वाच्या काही वास्तू उचलून उंचावर पुन्हा उभ्या केल्या. ती टेकडी आता बेट झाली असून तिथे संग्रहालय आहे. धरणही झालं, शेतंही भिजली. इजिप्तमध्येही आस्वान धरणापायी अबू सिंबलची अख्खी देवळं कापून १९६८ पर्यंत वर नेऊन बसवली. उलट आपल्या उजनीत पळसदेवचं देऊळ पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते दिसतं, आणि लोक होडीतून बघायला जातात.

म्हणजे बघा, नागार्जुनकोंड्याला सहा वर्षं पुरली. जिगावचं काम तर त्याच्या कितीतरी पट वर्षं चाललंय. धरण लांबलं म्हणून बायका खारं पाणी पीत राहिल्या हे वाईटच. पण तेवढ्या वर्षांत भोनचं टेकाड नीट खणून, मोजून, जे हलवता येईल ते हलवणं अशक्य होतं का? स्तूप वाचवा अशा मागण्या अधूनमधून झाल्या. माझा राग धरणावर नाही, तो या वाया गेलेल्या वर्षांवर आहे.

आणि राग दुसऱ्यावर काढायला मी तरी कोण? आमच्या घरामागे शौचालयाचा खड्डा खणताना जाड विटा आणि रांजणाचं एक अख्खं बूड निघालं होतं. गवंड्याने विचारलं, ''काय करू वहिनी?'' मी स्वयंपाकघरातूनच सांगितलं, ''टाक भरावात.'' वर आमची शेखी अशी, की आम्ही जिजाऊंच्या तालुक्यातले! सिंदखेड राजाला २०२४ च्या जूनमध्ये लखुजीराव जाधवांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याला काम करताना शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती सापडली. तेव्हा आमच्या गल्लीतल्या साऱ्या जणी मोबाइलवर फोटो बघत होत्या, आणि मला आपलं ते रांजणाचं बूड आठवत होतं. तिथली पुतळा बारव, मोती तलाव ही तर पाण्याचीच जुनी कामं. दर १२ जानेवारीला त्या गावी जाते, पण बारवेत उतरून पहिल्यांदा नीट पाहिलं ते भोनचं वाचल्यानंतर.

परवा नणंदेचा फोन आला होता. मध्येच मावशींनी तो हातात घेतला. ''ताई, ते भोनचं सांगत होत्या ना तुमी, मी नातवाले इचारलं. इतक्या जवळ हाय अन् आमी कवा पाह्यलं नाही. धरन भरायच्या आंधी एकडाव दाखवाले न्या आमाले.''

गाडीवाल्याला भाडं विचारून ठेवलंय. पंधरा जणी व्हायला हव्यात. आतापर्यंत अकरा झाल्यात.