स्पर्धकाची तक्रार करायची की नाही? एसईओवाल्यांमधला जुना वाद

मागच्या व्हिडिओनंतर नाशिकच्या एका ताईंचा मेसेज आला. त्यांचं केकचं छोटं दुकान आहे. "सर, रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या बोर्डावर दोनच शब्दांचं नाव आहे. पण गूगल मॅपवर त्या नावापुढे 'बेस्ट एगलेस केक शॉप होम डिलिव्हरी' अशी लांबलचक शेपटी लावलीय. सर्च केलं की ते वर, मी खाली. तक्रार करू का? की ती चुगली होईल?"

ताई, या एका प्रश्नावर एसईओ करणारी मंडळी कित्येक वर्षं भांडतायत. तिकडे याला 'आउटिंग' म्हणतात. आपलं सहलीचं आउटिंग नव्हे! दुसऱ्याची लबाडी चारचौघांत उघडी पाडणं, ते आउटिंग.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं, २०११ सालचं. जेसी पेनी ही तिथली मोठी दुकानसाखळी. कपडे, फर्निचर, बॅगा, काहीही शोधा, गूगलवर पेनीच वर. आता, दुसऱ्या वेबसाइटने तुमची लिंक दिली की गूगल ते तुमच्या बाजूचं एक मत धरतं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एका एसईओ तज्ज्ञाला हे प्रकरण तपासायला लावलं, तेव्हा पेनीकडे येणाऱ्या हजारो लिंक सापडल्या, त्याही भलत्याच विषयांच्या साइटवरून. म्हणजे मतं विकतची! वर्तमानपत्राने हे गूगलसमोर ठेवलं आणि गूगलने कारवाई केली. १ फेब्रुवारीला ५९ शब्दांसाठी पेनीचा सरासरी क्रमांक १.३ होता, १० फेब्रुवारीला तो ५२ वर गेला. कंपनी म्हणाली, आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आणि एसईओ करणाऱ्या एजन्सीला काढून टाकलं.

इथे एसईओवाल्यांत दोन तट पडले. एक गट म्हणतो, चोराला चोर म्हणायचं नाही तर सरळ मार्गाने काम करणाऱ्याने काय करायचं? दुसरा म्हणतो, पोलिसगिरी गूगलची, आपली नाही. एजन्सीच्या चुकीची शिक्षा दुकानदाराला आणि त्याच्या कामगारांना होते, आणि बहुतेक वेळा उघडं पाडणाऱ्याचा त्यात स्वतःचा धंदा असतो. मला दुसऱ्या गटाचं म्हणणं अर्धंच पटतं. पेनीसारखी कंपनी अशा धक्क्यातून सावरते. चार माणसांचं दुकान सावरेलच असं नाही, हे खरं. पण म्हणून गप्प बसायचं, तर त्याची किंमत ताईंसारखे लोक मोजतात.

पुढे २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलने पेंग्विन अपडेट आणलं आणि विकतच्या लिंकवाल्या साइट धडाधड खाली गेल्या. लगेच नवी भीती: स्पर्धकानेच आपल्याकडे घाणेरड्या लिंक वळवल्या तर? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'या लिंक धरू नका' असं गूगलला कळवायची सोय आली. २०१६ पासून पेंग्विन अशा लिंकसाठी साइटला खाली ढकलण्याऐवजी बहुतेक त्या लिंकच मोजत नाही. त्यामुळे लिंकवरून भांडण्यात आता तेवढा दम राहिला नाही.

ही मंडळी नुसती भांडतच असतात असं मात्र समजू नका. बिल स्लॉस्की नावाचे गृहस्थ गूगलची किचकट पेटंटं वाचून त्यात काय लिहिलंय ते 'एसईओ बाय द सी' या ब्लॉगवर वर्षानुवर्षं फुकट समजावत. २०२२ मध्ये ते गेले, तेव्हा एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांतले लोकही हळहळले. आजही मॅपवरचं प्रोफाइल सस्पेंड झालं तर 'प्रॉडक्ट एक्स्पर्ट' म्हणवणारे स्वयंसेवक एक पैसा न घेता मार्ग सांगतात.

आता ताईंचं काम. गूगलचा नियम साफ आहे: बोर्डावर जे नाव, तेच प्रोफाइलवर. शेपटी चालत नाही. तिचा फायदा होतो म्हणूनच लोक ती लावतात. समोरच्या दुकानाच्या प्रोफाइलवर 'सजेस्ट अॅन एडिट' दाबा, नाव दुरुस्त करून पाठवा. सोबत बोर्डाचा फोटो असला तर उत्तम. काही हललं नाही तर गूगलचा 'बिझनेस रिड्रेसल कम्प्लेंट फॉर्म' आहे. खोटं नाव, खोटा फोन नंबर, खोटी वेबसाइट यांसाठीच तो ठेवलाय. याला मी चुगली म्हणणार नाही. पण खोटे वन-स्टार रिव्ह्यू टाकणं, ओळखीच्या दहा जणांकडून रिपोर्ट मारून घेणं, यात पडू नका.

आणि समोरचाही उलटी तक्रार करू शकतो, हे धरून चाला. गूगलने पुरावा मागितला तर दुकानाचा परवाना, लाईट बिल, बोर्डाचा फोटो हाताशी हवा. या सगळ्यावर तुमचं आणि प्रोफाइलवरचं नाव एकच हवं.

हे सांगताना मी ताईंचंही प्रोफाइल उघडून बघितलं. त्यांच्याही नावापुढे 'फ्रेश होममेड केक्स' निघालं! ते आधी काढायला सांगितलंय.