पडद्यावर नसलेलं नाव : पटकथाकार रिंग लार्डनर ज्युनियर

जुन्या चित्रपटांचा अभ्यास करणाऱ्यासाठी श्रेयनामावली ही पहिली पोथी. विद्यापीठाचं पाठबळ नसलेल्या माझ्यासारख्याला तर तिचाच आधार. गेली अनेक वर्षं मी चित्रपट सुरू होताच वही उघडतो आणि पटकथाकाराचं नाव टिपून घेतो. मात्र ही पोथी नेहमी खरं सांगतेच असं नाही. रिंग लार्डनर ज्युनियर या अमेरिकी पटकथाकाराची कारकीर्द नुसत्या श्रेयनामावलीवरून लिहायला घेतली, तर ऐन उमेदीची दीड दशकं जवळजवळ कोरीच ठेवावी लागतील. प्रत्यक्षात त्या काळात त्यांची लेखणी थांबली नव्हती.

लार्डनर यांचा जन्म १९१५चा, शिकागोचा. वडील रिंग लार्डनर हे अमेरिकेतले नामवंत विनोदी लेखक, त्यामुळे नाव जन्मापासूनच मोठं होतं. धाकट्या लार्डनरांनी प्रिन्स्टनचं शिक्षण अर्धवट सोडलं, काही काळ न्यूयॉर्कमध्ये बातमीदारी केली आणि मग ते हॉलिवूडला निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांच्याकडे कामाला लागले. १९३७च्या ‘अ स्टार इज बॉर्न’च्या संहितेला त्यांचा हात लागला होता, पण पडद्यावर नाव आलं नाही. स्टुडिओच्या पद्धतीत ही गोष्ट नेहमीचीच होती. एकाच्या संहितेवर चौघांनी हात फिरवावा आणि नाव कोणाचं द्यायचं ते वरच्यांनी ठरवावं, असा तो कारभार.

पहिलं मोठं यश आलं ‘वुमन ऑफ द इयर’मुळे (१९४२). लार्डनर आणि मायकेल कॅनिन यांची ही कथा कॅथरिन हेपबर्न यांनी एमजीएमच्या लुई बी. मेयर यांच्यापुढे ठेवली, तेव्हा लेखकांची नावं त्यांनी मुद्दाम सांगितली नाहीत. दोघेही त्या मानाने नवखे, नावं कळली असती तर भाव पडला असता. नाव झाकल्यामुळे मोल वाढलं! चित्रपटाला पटकथेचं ऑस्कर मिळालं. तोवर प्रेक्षकांचा कौल अजमावून स्टुडिओने शेवट दुसऱ्याकडून बदलून घेतला होता. कर्तबगार पत्रकार नायिका स्वयंपाकघरात नाश्ता करताना फजीत होते, तो हा शेवट. मूळ लेखकांना तो रुचला नव्हता.

१९४७ साली काळ फिरला. अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाची ‘अमेरिकाविरोधी कारवायां’ची चौकशी करणारी समिती हॉलिवूडकडे वळली. तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात किंवा होता काय, हा तिचा ठरलेला प्रश्न. लार्डनर पक्षाचे सभासद होते आणि ते बेकायदा नव्हतं. पण माणसाची मतं विचारण्याचा सरकारला अधिकारच नाही, अशी त्यांची भूमिका होती. उत्तर देता येईल, पण दिलं तर सकाळी स्वतःचीच घृणा वाटेल, अशा आशयाचं त्यांचं वाक्य इतिहासात राहिलं. काँग्रेसच्या अवमानाबद्दल ज्या दहा जणांवर खटले झाले, ते ‘हॉलिवूड टेन’. त्याच वर्षी स्टुडिओमालकांनी एकत्र येऊन या दहांना काम न देण्याचं जाहीर केलं. काळी यादी सुरू झाली ती इथून.

१९५० साली सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला आणि लार्डनर कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या तुरुंगात गेले. शिक्षा वर्षाची होती, प्रत्यक्षात साडेनऊ महिने भोगावी लागली. त्याच तुरुंगात आणखी एक कैदी होते, जे. पार्नेल थॉमस. लार्डनर यांना तो प्रश्न विचारणाऱ्या समितीचे हे तेव्हाचे अध्यक्ष. कार्यालयात खोटे कर्मचारी दाखवून पगार लाटल्याबद्दल ते तिथे पोहोचले होते!

सुटका झाली, पण काम मिळेना. मग काळ्या यादीतल्या लेखकांनी जी वाट धरली, तीच लार्डनर यांनीही धरली. आपलं लेखन दुसऱ्याच्या किंवा खोट्या नावाने विकायचं. डाल्टन ट्रंबो यांच्या ‘रोमन हॉलिडे’वर (१९५३) इयन मॅक्लेलन हंटर यांचं नाव होतं आणि कथेचं ऑस्करही हंटर यांच्या नावे गेलं. पुढे हंटरही काळ्या यादीत आले. या हंटर-लार्डनर जोडीला आधार मिळाला तो लंडनचा. तिथे हॅना वाइनस्टाइन या अमेरिकी निर्माती ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ (१९५५-५९) ही दूरचित्रवाणी मालिका काढत होत्या. न्यूयॉर्कमध्ये लिहिलेल्या संहिता समुद्रापार जात, तिथे चित्रित होत आणि मालिका अमेरिकेतही सीबीएसवर दिसे. एकच अनोळखी नाव वारंवार दिसलं तर चौकशी होईल, म्हणून टोपणनावंही बदलत राहत.

मालिकेचा विषय आठवून पाहा. अन्यायी सत्तेने कायद्याबाहेर टाकलेला माणूस, रानात लपलेले त्याचे सोबती, त्यांना पकडून देण्यासाठी पेरलेले खबरे आणि पकडले जाऊनही साथीदाराचं नाव न सांगणारे. त्याच काळात समितीपुढे मित्रांची नावं सांगून लोक आपल्या नोकऱ्या वाचवत होते. देशाच्या परिस्थितीवर बोलायला या मालिकेत भरपूर वाव मिळाला, असं लार्डनर यांनीच पुढे सांगितलं. ज्या देशाने लेखकाला बंदी घातली, त्याच देशातली मुलं त्याचा शेरवुडचा दरोडेखोर घराघरांत पाहत होती.

१९६५ साली ‘द सिनसिनाटी किड’वर लार्डनर यांचं नाव पुन्हा पडद्यावर आलं. १९७०च्या ‘मॅश’साठी त्यांना दुसरं ऑस्कर मिळालं, ‘वुमन ऑफ द इयर’नंतर तब्बल अठ्ठावीस वर्षांनी. या वेळी गंमत उलटी झाली. दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन यांनी नटांना संवादांत मोकळीक दिली. संवाद इतके बदलले की लार्डनर सुरुवातीला नाराज झाले. ‘रॉबिन हूड’मध्ये शब्द त्यांचे आणि नाव भलतंच, तर ‘मॅश’मध्ये नाव त्यांचं आणि बरेचसे शब्द नटांचे. तरीही युद्धातल्या शल्यविशारदांच्या प्रसंगांची ती सैल माळ ज्या सांगाड्यावर उभी आहे, तो लार्डनर यांचाच, असं मला वाटतं. पटकथा म्हणजे नुसते संवाद नव्हेत. काय घडतं, कोणत्या क्रमाने घडतं आणि कोणाच्या नजरेतून दिसतं, हे ठरवणं हे तिचं मूळ काम आहे.

लार्डनर २००० साली वारले. ‘हॉलिवूड टेन’मधले ते शेवटचे हयात सदस्य. ट्रंबोंना ‘रोमन हॉलिडे’चं ऑस्कर १९९३मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर सतरा वर्षांनी दिलं गेलं. लेखक संघटनेने काळ्या यादीतल्या अनेकांची नावं त्यांच्या चित्रपटांना पुन्हा जोडली. नावं परत मिळाली, पण त्या वर्षांची बुडालेली कमाई आणि न लिहिले गेलेले चित्रपट कसे परत मिळणार?

म्हणून आता मी श्रेयनामावली टिपताना वहीत प्रत्येक नावाशेजारी जागा सोडतो. हे नाव कोणी दिलं, कोणाचं गाळलं आणि त्या वर्षी बाहेर काय चाललं होतं, या तीन प्रश्नांसाठी ती जागा असते. आपल्याकडच्या जुन्या चित्रपटांचे पटकथा-संवादलेखक अभ्यासतानाही हे प्रश्न उपयोगी पडतात. पत्रं, करारपत्रं, संहितांच्या पिवळ्या पडलेल्या प्रती ज्यांच्या घरी अजून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. श्रेयनामावलीत न आलेलं एखादं नाव कदाचित फक्त तिथेच शिल्लक असेल.