गूळ, मीठ आणि दरडोई उत्पन्न

ऑक्टोबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा अहवाल आला आणि आपल्याकडे दोन-चार दिवस चांगलाच गदारोळ उडाला. त्या वर्षी बांगलादेशाचं दरडोई उत्पन्न १,८८८ डॉलर आणि भारताचं १,८७७ डॉलर राहील, असा त्यात अंदाज होता. फरक ११ डॉलरचा. विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं, सरकारच्या बाजूने क्रयशक्तीचा हिशोब पुढे आला. तो हिशोब खोटा नव्हता. त्या मापाने भारत तेव्हाही पुढेच होता. शिवाय टाळेबंदीने आपली अर्थव्यवस्था आक्रसली होती, आणि विनिमय दराच्या खेळात असे दहा-वीस डॉलर इकडचे तिकडे होतच असतात. ज्या आकड्यावरून भांडण झालं, तो मुळात भांडण्याजोगा नव्हता.

भांडण्याजोगे आकडे सात वर्षं आधीच छापून आले होते. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांच्या २०१३ सालच्या ‘अॅन अनसर्टन ग्लोरी’ या पुस्तकात भारत आणि शेजाऱ्यांची तुलना आहे. १९९० मध्ये दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी मुलं भारतात ८१ आणि बांगलादेशात ९७ होती. २०११ मध्ये भारतात ४७, बांगलादेशात ३७. मधल्या काळात आपलं दरडोई उत्पन्न त्यांच्या दीडपटीहून थोडं जास्त होतं, ते दुपटीच्या घरात गेलं. म्हणजे पैसा आपल्याकडे आला आणि मुलं तिकडे जगली. याची चर्चा अर्थशास्त्राच्या वर्गाबाहेर फारशी झाली नाही. अकरा डॉलरची झाली.

हे उलटं गणित कसं घडलं, ते बघायला मागे जावं लागतं. नोव्हेंबर १९७० मध्ये भोला बेटाच्या बाजूला चक्रीवादळ धडकलं, तीन लाखांहून जास्त माणसं गेली. पुढच्या वर्षी पाकिस्तानपासून सुटायचं युद्ध, आणि भारतात आलेले सुमारे एक कोटी निर्वासित. डिसेंबर १९७१ मध्ये वॉशिंग्टनच्या एका बैठकीत हा नवा देश कायम जगापुढे झोळी पसरून राहील, अशा अर्थाचे उद्गार निघाले. ते हेन्री किसिंजर यांच्या नावावर चिकटले आहेत, पण बोलले होते त्यांचे सहकारी अॅलेक्सिस जॉन्सन. किसिंजर एवढंच म्हणाले की ती झोळी भरायचा मक्ता आपलाच असला पाहिजे असं नाही. १९७४ मध्ये पूर आणि दुष्काळ आला तेव्हा अमेरिकेने धान्य अडवून धरलं, कारण बांगलादेशाने क्युबाला तागाची पोती विकली होती. त्या दुष्काळात सरकारी आकड्याने २५-३० हजार, आणि बाहेरच्या अंदाजांप्रमाणे दहा लाखांवर माणसं मेली. महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान जमीन, तिच्यावर सात कोटींच्या वर लोक, खजिन्यात काही नाही. त्या वेळी कोणी पैज लावली असती, तर या देशावर कोणीच लावली नसती.

मला या पन्नास वर्षांतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती गूळ-मिठाच्या पाण्याची. तिचा अर्धा भाग भारताच्या भूमीवर घडला आहे.

ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत १९६८ च्या सुमारास डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिलं, की कॉलऱ्याच्या रोग्याला साखर आणि क्षार योग्य प्रमाणात घातलेलं पाणी तोंडाने पाजूनही वाचवता येतं. डॉक्टर मंडळींना ते फारसं पटलं नाही. सलाइन म्हणजे शिरेतून, हा समज पक्का होता. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावण्यांत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज मोजून मिसळलं, ते पाण्यात कालवून पिंपांत भरलं आणि पाजायचं काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं, ते चारच्या आत आलं. महालनबिस यांना भारताने पद्मविभूषण दिलं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

गोष्टीचा दुसरा अर्धा भाग ‘ब्रॅक’ या संस्थेचा. फझले हसन आबेद तेलकंपनीत मोठ्या पगारावर हिशोबाचं काम बघत. युद्धानंतर त्यांनी लंडनमधलं घर विकून त्या पैशांतून सिल्हेटच्या सुल्ला भागात काम सुरू केलं. १९८० पासून दहा वर्षं ब्रॅकच्या बायका गावोगाव, घरोघर गेल्या. पाकिटं वाटायची नव्हती, कारण ती संपली की बाई पुन्हा रिकाम्या हाताने बसणार. म्हणून घरात आहे त्यातूनच शिकवायचं: तीन बोटांची मिठाची चिमूट, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. आईने ते स्वतः करून दाखवायचं. महिन्याभराने दुसरेच कोणी येऊन त्यातल्या काही आयांना विचारायचे, की सांग बघू, कसं करतात? आईला जेवढं नीट आठवे, त्या प्रमाणात शिकवणारीला पैसे. किती घरं झाली यावर नाही.

तरीही पहिल्या फेरीत गणित फसलं. आयांना सगळं पाठ होतं, पण मुलाला जुलाब झाले की त्या ते पाणी करत नव्हत्या. चौकशी केली तर कळलं, शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. मग त्यांना ढाक्याला प्रयोगशाळेत नेऊन ते पाणी पोटात काय करतं ते दाखवलं. दुसरी अडचण घरातल्या पुरुषांची होती. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे ते आडवे येत. मग मशिदीत, बाजारात, शाळेत पुरुषांशीही बोलणं सुरू झालं. १९९० पर्यंत १ कोटी २० लाखांच्या वर घरं झाली होती.

यात मराठी वाचकाला टोचणारी एक गोष्ट आहे. साध्या बायांच्या हातून घरोघर आरोग्य पोचवायची कल्पना आपल्याकडेही होती, आणि आधी होती. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर, अनेकदा दलित बायांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. त्यांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. जगभरचे लोक दोन्ही ठिकाणी बघायला आले. पण आपल्या सरकारला गावोगावची आशा सेविका सुचायला २००५ साल उजाडावं लागलं. आपल्याकडे चांगलं काम म्हणजे बघायला जायचं ठिकाण होतं. तिथे ते देशभर न्यायचा खटाटोप झाला. सरकार दुबळं होतं, परदेशी देणगीदारांचा पैसा होता, संस्थांना मोकळं रान मिळालं, हेही खरंच. पण दुबळं सरकार काही बांगलादेशाची मक्तेदारी नव्हती.

कुटुंबनियोजनातही तेच. आणीबाणीत आपण सक्तीच्या नसबंदीने तो शब्दच बदनाम करून ठेवला. बांगलादेशात साधनं घेऊन बाई दारात जायची. १९७५ च्या सुमारास तिथे एका बाईला सरासरी सहाच्या वर मुलं होत. २०११ पर्यंत तो आकडा २.३ वर आला. १९९४ पासून माध्यमिक शाळेत जाणाऱ्या खेड्यातल्या मुलींना विद्यावेतन मिळू लागलं. शौचालयांचं तर काय सांगावं! २०११ च्या जनगणनेत आपली जवळपास निम्मी घरं उघड्यावर जात होती, आणि तिथे हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होतं. सगळं नीटच झालं असंही नाही. जुलाबांपासून वाचवायला जे लाखो हापसे बसवले, त्यातल्या कितीतरींच्या पाण्यात नव्वदच्या दशकात आर्सेनिक सापडलं.

मग कपड्यांचा धंदा. १९७९ मध्ये नुरुल कादेर खान या निवृत्त सनदी अधिकाऱ्याने ‘देश गारमेंट्स’साठी १३० जणांना कोरियात, देवू कंपनीच्या कारखान्यात, सहा महिने शिकायला पाठवलं. देवूला त्यात स्वार्थ होता. अमेरिकेने कोरियाच्या कपड्यांवर कोटा लावला होता आणि बांगलादेशाच्या कपड्यांवर तो तेव्हा नव्हता. परत आलेल्यांपैकी बहुतेकांनी काही वर्षांत दुसरीकडे जाऊन, नाहीतर स्वतःचे कारखाने काढून तीच विद्या पसरवली. सरकारने दोन सोयी दिल्या. परदेशी गिऱ्हाइकाच्या पतपत्रावरच बँक कापडासाठी दुसरं पतपत्र काढून देई, त्यामुळे मालकाला भांडवल फार लागत नसे. आणि निर्यातीसाठी आणलेल्या कापडावर आयातशुल्क नव्हतं. आज तिथे सुमारे चाळीस लाख माणसं हे काम करतात, त्यात बायकाच जास्त, आणि निर्यातीतला ८० टक्क्यांच्या वर हिस्सा कपड्यांचा असतो.

त्याच काळात मुंबईत काय चाललं होतं? जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले. त्या गिरण्या ढाक्याने खाल्ल्या असं म्हणणं चूक होईल. त्या मालकांनी, जमिनीच्या भावाने आणि आपल्या धोरणाने खाल्ल्या. पण तयार कपडे शिवणं आपण २००१ पर्यंत लघुउद्योगांसाठी राखून ठेवलं होतं, म्हणजे हजार बायकांचा कारखाना उभा राहायला कायद्यानेच आडकाठी होती. तिथे खेड्यातली मुलगी शहरात जाऊन पगार घेऊ लागली. आपल्याकडे बायकांचा कामातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३ टक्क्यांवर घसरला होता.

त्या पगाराची किंमतही बघायला हवी. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावार इथे राणा प्लाझा कोसळला. आदल्या दिवशीच भिंतींना तडे दिसले होते. खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली, वरच्या शिवणकारखान्यांनी आपली कामाला बोलावली. १,१३४ जण मेले.

एव्हाना आपल्या शेतकऱ्याला हा देश गिऱ्हाईक म्हणून चांगला ओळखीचा झाला होता. कापूस, सूत, विदर्भाची संत्री, नाशिकचा कांदा, सगळं तिकडे जात होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण कांद्याची निर्यात अचानक बंद केली, तेव्हा काही दिवसांतच दिल्लीत आलेल्या तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना हसत म्हणाल्या होत्या की निदान आधी सांगायचं तरी, मी आचाऱ्याला कांदा न घालता स्वयंपाक करायला सांगितलंय.

हसीनांची सत्ता ५ ऑगस्ट २०२४ ला गेली. कारण झालं नोकऱ्यांतलं आरक्षण, पण मुळाशी शिकलेल्या पोरांना काम नव्हतं, हे होतं. त्याआधी महिनाभरच बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेने निर्यातीचे आकडे दुरुस्त केले होते, आणि दहा अब्ज डॉलरहून जास्त निर्यात कागदावरच झाली होती, असं निघालं. अकरा डॉलरवरून छाती पिटणाऱ्यांनी आणि छाती फुगवणाऱ्यांनी, दोघांनीही हे लक्षात ठेवावं. सरकारी मोजणीप्रमाणे गरिबी २००० मध्ये ४८.९ टक्के होती, २०२२ मध्ये १८.७ वर आली. पण २०२५ मध्ये ढाक्याच्या ‘पीपीआरसी’ या संस्थेच्या पाहणीत ती पुन्हा २७.९ टक्के भरली. सत्ताधाऱ्यांना जाब विचारणारं कोणी उरलं नाही, की कमावलेलंही असं निसटतं. गूळ-मिठाने मुलं जगली. ती मोठी झाल्यावर त्यांना काम आणि मताचा खरा हक्क देणं हे वेगळं काम होतं, आणि ते झालं नाही.

आपण मधल्या काळात बांगलादेशाला गाठलं, हे मोकळेपणाने सांगायला हवं. बालमृत्यू आता दोन्हीकडे हजारी २५ च्या आसपास आहेत. आपल्याकडच्या या घटीत डॉक्टरांइतकाच, कदाचित जास्त, वाटा दारोदार फिरणाऱ्या आशांचा आहे. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर होत्या, आझाद मैदानात बसल्या होत्या. सरकारच्या कागदांत त्या आजही स्वयंसेविका आहेत. त्यांना पगार नाही, मानधन मिळतं.